विलंबाची कारणे की विलंबाचे आरोप? : बांधकाम प्रकल्पविषयक संशोधनपद्धतीची एक चिकित्सा

बांधकाम प्रकल्प ठरलेल्या मुदतीत व ठरलेल्या खर्चात का पूर्ण होत नाहीत, हा प्रश्न स्थापत्य अभियांत्रिकी, व्यवस्थापनशास्त्र आणि वाणिज्य या तिन्ही विद्याशाखांतील संशोधकांनी सारख्याच उत्साहाने हाती घेतला आहे. या संशोधनाला आता एक ठरीव साचाही प्राप्त झाला आहे. पूर्वप्रसिद्ध लेखांतून कारणांची यादी गोळा करावयाची. मालक, सल्लागार व ठेकेदार या तीन गटांना प्रश्नावली द्यावयाची. प्रत्येक कारणास एक ते पाच गुण मागावयाचे. त्यांवरून सापेक्ष महत्त्व निर्देशांक काढून कारणांना क्रमांक द्यावयाचे आणि शेवटी पहिल्या दहा कारणांवर शिफारशी करावयाच्या. पदव्युत्तर प्रबंधिकांपासून आंतरराष्ट्रीय नियतकालिकांपर्यंत हा साचा सर्वत्र आढळतो. प्रस्तुत लेखात या साच्याची चिकित्सा करावयाची आहे. आमचे म्हणणे असे की, ही पद्धती विलंबाची कारणे मोजत नाही. ती विलंबाविषयीचे आरोप मोजते आणि त्यांना कारणांचा दर्जा बहाल करते.

यादीचे शास्त्र

या परंपरेतील सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या अभ्यासांपैकी एक म्हणजे असफ व अल-हेज्जी यांचा सौदी अरेबियातील मोठ्या प्रकल्पांवरील अभ्यास (२००६). त्यात विलंबाची ७३ कारणे नोंदविली आहेत. तिन्ही पक्षांनी एकमुखाने मान्य केलेले कारण म्हणजे कामाच्या स्वरूपात मध्येच केले जाणारे बदल. मलेशियातील प्रकल्पांविषयी संबशिवन व सून यांनी (२००७) २८ कारणे तपासली. तेथे ठेकेदाराचे सदोष नियोजन हे अग्रस्थानी आले. भारतीय प्रकल्पांविषयी डोलोई, साहनी, अय्यर व रेंताला यांच्या अभ्यासाने (२०१२) घटक-विश्लेषणाची जोड देऊन बांधिलकीचा अभाव हा प्रमुख घटक ठरविला. हे तिन्ही अभ्यास परिश्रमपूर्वक केलेले आहेत, यात शंका नाही. आमचा आक्षेप त्यांच्या परिश्रमांवर नसून, त्यांच्या अनुकरणातून जे घट्ट होत गेले त्यावर आहे.

पहिली अडचण ‘कारण’ या शब्दाचीच आहे. ‘सिमेंट वेळेवर न मिळणे’ ही घटना आहे. तिला दिनांक असतो. ‘बांधिलकीचा अभाव’ हा अभिप्राय आहे. त्याला दिनांक नसतो. ‘पक्षांमधील वाद’ हा कधी विलंबाचा परिणाम असतो, तर कधी त्याचे मूळ. देयक अडले म्हणून ठेकेदार मजूर कमी करतो. मजूर कमी झाले म्हणून काम रेंगाळते. काम रेंगाळले म्हणून विभाग पुढील देयक अडवून ठेवतो. या वर्तुळातील कोणत्या बिंदूस पाच गुण द्यावयाचे? प्रश्नावलीत मात्र देयक, मजूर आणि नियोजन ही तीन स्वतंत्र कारणे म्हणून तीन ओळींत बसतात आणि प्रत्येकीस स्वतंत्र निर्देशांक मिळतो. परस्परावलंबी गोष्टींना स्वतंत्र समजून क्रमांक लावल्याने दशांश चिन्हापुढे तीन स्थळे मिळतात, एवढेच.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. बांधकाम करारात विलंबाचे कारण ही तटस्थ माहिती नसते. कारण ठेकेदाराकडे बोट दाखवीत असेल तर दंड बसतो. मालकाकडे दाखवीत असेल तर मुदतवाढ व नुकसानभरपाई द्यावी लागते. दोघांच्याही आवाक्याबाहेरचे असेल तर बहुधा केवळ मुदतवाढ मिळते. म्हणजे कारण सांगणे हे करारांतर्गत पैशाची मागणी करणे किंवा ती नाकारणे होय. अशा व्यवहारात गुंतलेल्या पक्षांना ‘आपल्या मते कारण कोणते?’ असे विचारून त्यांच्या उत्तरांची सरासरी काढणे, हे वादी व प्रतिवादी यांच्या कैफियतींची सरासरी काढून निकाल देण्यासारखे आहे. काही अभ्यासक स्पिअरमनचा क्रमसहसंबंध काढून दोन गटांत एकमत असल्याचे दाखवितात. पण मालक आणि ठेकेदार यांचे एकमत पुष्कळदा तिसऱ्या, अनुपस्थित पक्षाविषयी असते. पाऊस, भूसंपादन आणि गावकरी यांच्याकडे कोणीच प्रश्नावली घेऊन जात नाही.

आळंदी नदीवरचा जलसेतू

हे केवळ तर्काने सांगण्यापेक्षा एक जुने प्रकरण तपशिलाने पाहू. नाशिक डाव्या कालव्यासाठी आळंदी नदीवर (ही नाशिक जिल्ह्यातील आळंदी, पुणे जिल्ह्यातील तीर्थक्षेत्राशी तिचा संबंध नाही) जलसेतू बांधण्याचे काम तत्कालीन मुंबई शासनाने एका ठेकेदार संस्थेस दिले. कामाची किंमत सुमारे एक लाख सात हजार रुपये होती. काम जुलै १९५५ मध्ये सुरू करून बारा महिन्यांत पूर्ण करावयाचे होते. ते झाले नाही. ऑगस्ट १९५६ मध्ये विभागाने कंत्राट रद्द केले व अनामत रक्कम जप्त केली. ठेकेदार न्यायालयात गेला. कनिष्ठ न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला, उच्च न्यायालयाने तो फिरविला आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ठेकेदाराची बाजू उचलून धरली. हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हा निकाल आजही करारविधीच्या वर्गांत शिकविला जातो.

आता या कामावर प्रश्नावली भरून घेतली असती तर काय झाले असते? विभागाने ‘ठेकेदाराची अकार्यक्षमता’ या ओळीपुढे पाच गुण दिले असते. ठेकेदाराने ‘प्रतिकूल हवामान’ यापुढे पाच गुण दिले असते. कारण कामाच्या क्षेत्रात अतिवृष्टीमुळे पावसाळाभर काम सुरू करणे अशक्य होते, हेच त्याचे न्यायालयातील म्हणणे होते. दोन्ही उत्तरे प्रामाणिक मानली तरी दोन्ही अपुरी आहेत. नाशिकच्या पश्चिमेस जुलै महिन्यात पाऊस पडणे ही आपत्ती नव्हे, ते पंचांग आहे. मुदतीच्या बारा महिन्यांची मोजणी जुलैपासून सुरू करणे हा मात्र निर्णय आहे. तो कोणीतरी, कोणत्यातरी मेजावर घेतला. मुदतीचे पहिले काही महिने कार्यादेशावर सही होतानाच खर्ची पडले होते. हे कारण ७३ कारणांच्या यादीतही सहजासहजी सापडावयाचे नाही. कारण ते स्वतंत्र घटना म्हणून अस्तित्वात नाही. दोन कागदांवरील दोन दिनांक शेजारी ठेवल्यावरच ते दिसते.

न्यायालयाचा तर्कही आपल्या विषयास उपकारक आहे. करारात ‘मुदत हा कराराचा गाभा आहे’ असे लिहिलेले असले, तरी त्याच करारात मुदतवाढीची तरतूद आणि दिरंगाईबद्दल दिवसागणिक दंडाची तरतूद असेल, तर मुदत हा गाभा आहे असे समजता येत नाही. असे असता नवी वाजवी मुदत नोटिशीने न देता कंत्राट रद्द करणे योग्य ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. व्यवस्थापनशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, करार स्वतःच विलंब गृहीत धरतो व त्याची किंमत आधीच ठरवून ठेवतो. मग विलंबास अनपेक्षित व्यत्यय समजून त्याची ‘कारणे’ शोधणारी प्रश्नावली कराराहूनही भाबडी ठरते. एक लाख सात हजारांच्या जलसेतूचा वाद तेवीस वर्षे चालला, या वस्तुस्थितीवर आणखी भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

कोणत्या आकड्यापासून वाढ?

खर्चवाढीच्या बाबतीत हाच दोष वेगळ्या रूपाने आढळतो. वाढ मोजावयाची तर मूळ आकडा हवा, आणि मूळ आकडा हीच बहुधा सर्वांत संशयास्पद गोष्ट असते. फ्लिवब्यर्ग, होल्म व बुल यांनी २००२ मध्ये वीस देशांतील २५८ वाहतूक प्रकल्पांची माहिती तपासून असा निष्कर्ष काढला की, दहापैकी नऊ प्रकल्पांचा खर्च मूळ अंदाजापेक्षा अधिक होतो आणि सत्तर वर्षांत अंदाजांच्या अचूकतेत सुधारणा झालेली नाही. ही निव्वळ चूक नसून अंदाज हेतुतः कमी दाखविले जातात, असे त्यांनी सुचविले. या निष्कर्षावर पुढे टीकाही झाली. विशेषतः पीटर लव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ आकडा कोणत्या टप्प्यावर धरला, यालाच आव्हान दिले. परंतु निदान हा वाद नोंदींच्या आधारे चालला आहे, मतांच्या नव्हे.

आपल्याकडील गोसीखुर्द प्रकल्पाकडे या दृष्टीने पाहावे. भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेल्या या प्रकल्पाची मूळ मान्यता १९८३ मधील, ३७२.२२ कोटी रुपयांची. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. भंडारा, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टरांचे सिंचन हे उद्दिष्ट. २००९ मध्ये यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पुढे २०१२-१३ च्या दरांनुसार खर्चाचा सुधारित आकडा १८ हजार ४९४ कोटींवर गेला. वर्तमानपत्रे ‘पन्नासपट वाढ’ असे छापतात. हे गणित चुकीचे नाही, पण त्यातून फारसे काही कळत नाही. तीस वर्षांतील किमतींची वाढ उदारपणे दहापट धरली, तरी आकडा ३,७२२ कोटींवर थांबतो. त्यापुढील सुमारे पाचपट वाढीचा खुलासा भाववाढीने होत नाही. तो कामांची वाढलेली व्याप्ती, मूळ अंदाजपत्रकातील त्रुटी, कालव्यांच्या अस्तरीकरणाचा दर्जा व त्याची पुनर्बांधणी आणि भूसंपादन-पुनर्वसनाचा खर्च यांत शोधावा लागतो. प्रत्येक ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, ही या शोधातील पायरी आहे. सुप्रमेच्या प्रस्तावात वाढीची विगतवारी दिलेली असते: दरसूचीतील बदल इतका, संकल्पचित्रातील बदल इतका, भूसंपादन इतके. ही विगतवारी निष्कलंक असते असा दावा कोणी करणार नाही. पण ती आकड्यांत असते, म्हणून तपासता येते.

या प्रकल्पात आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. बुडित क्षेत्रातील गावे उठण्यास तयार नव्हती, म्हणून जलसाठा पूर्ण क्षमतेने करता येईना, हे सर्वश्रुत आहे. प्रश्नावलीत हे ‘स्थानिकांचा विरोध’ या नावाने बाह्य घटकांच्या रकान्यात जाते. परंतु प्रकल्पग्रस्तांसाठी विशेष पुनर्वसन पॅकेज जाहीर झाले ते २०१३ मध्ये, म्हणजे पायाभरणीनंतर पंचवीस वर्षांनी. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्येच केलेला होता. तेव्हा विरोध हे कारण की पुनर्वसनातील दिरंगाई हे कारण, हा प्रश्न गुणांकनाने सुटणारा नाही. आणि ज्यांना तो विचारावयास हवा ते मालक, सल्लागार, ठेकेदार यांपैकी कोणीच नसल्याने नमुन्यात येत नाहीत. मजुरांचेही तसेच. ‘मजुरांची टंचाई’ हे कारण यादीत हमखास असते. दर आणि राहण्याची सोय काय होती, हे मजुरास विचारल्याचे आढळत नाही.

प्रकल्पाच्या बाहेरचे कारण

या साच्यातील आणखी एक मर्यादा येथे थोडक्यात नोंदवितो. विश्लेषणाचे एकक नेहमी एकच प्रकल्प असते. पण १९९६ ते १९९८ या काळात राज्यात पाच पाटबंधारे विकास महामंडळे स्थापन होऊन एकाच वेळी अनेक कामे हाती घेतली गेली आणि उपलब्ध निधी त्या सर्वांत विभागला गेला. अशा वेळी प्रत्येक ठिकाणी ‘निधीचा अभाव’ हे कारण नोंदविले जाते. पण तो अभाव त्या प्रकल्पाचा नसतो, कामांच्या एकूण संख्येचा असतो. नोव्हेंबर २०१२ मधील शासनाची श्वेतपत्रिका आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील विशेष चौकशी पथकाचा २०१४ मधील अहवाल यांना म्हणूनच संशोधनात स्थान हवे. राजकीय वादाची साधने एवढेच त्यांचे मूल्य नाही.

पर्यायी साधने

मग विद्यार्थ्याने काय करावे? प्रश्नावली सर्वस्वी टाकून द्यावी असे आमचे मत नाही. लोक कशाला कारण मानतात हे जाणून घेण्यास ती उपयुक्तच आहे, फक्त निष्कर्षाचे नाव ‘मतांचा क्रम’ असे ठेवावे. विलंबाचा अभ्यास करावयाचा तर कागदांकडे जावे लागेल. निविदेतील मुदत, कार्यादेशाचा दिनांक, जागेचा प्रत्यक्ष ताबा दिल्याचा दिनांक, संकल्पचित्रे हाती आल्याचे दिनांक, मोजमाप पुस्तकातील नोंदी, देयक सादर झाल्याचा व चुकते झाल्याचा दिनांक, मुदतवाढीचे प्रस्ताव आणि लवादासमोरील दावे-प्रतिदावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ लागू झाल्यापासून शासकीय कामांच्या बाबतीत यांतील बहुतेक कागद मागता येतात. इंग्लंडमधील सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या संस्थेने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली विलंबविषयक संहिता, अशा नोंदींवरून कार्यक्रमपत्रिकेतील कोणत्या दुव्यावर किती दिवस गेले हे कसे काढावे, याचे मार्गदर्शन करते. तिचे मराठी वा इंग्रजी टिपण अभ्यासक्रमास सहज जोडता येईल.

या मार्गात व्यावहारिक अडचणी आहेत. एका सत्रात तीन-चार कामांच्या फायलींपलीकडे विद्यार्थी जाणार नाही, आणि नमुना लहान आहे असा आक्षेप बहिःस्थ परीक्षक घेणार, हे धरून चालावे. फाइलीतील पत्रेही पक्षपाती असतात. विभागाचा अभियंता व ठेकेदार दोघेही पुढील वादावर नजर ठेवूनच पत्र लिहितात. परंतु त्या पत्रावर जावक क्रमांक आणि दिनांक असतो, आणि उलट पक्षाचे उत्तर त्याच फाइलीत लावलेले असते. शंभर प्रतिसादकांच्या गुणांवरून काढलेल्या निर्देशांकापेक्षा अशा चार फायलींचे वाचन प्रबंधिका म्हणून ग्राह्य धरावयाचे किंवा नाही, हा निर्णय अभ्यास मंडळांच्या अखत्यारीतील आहे. तो घेताना परीक्षकांसाठीच्या गुणपत्रिकेतील ‘नमुना आकार’ हा रकाना आधी बदलावा लागेल.