राक्षसशिकारी आणि त्यांचे वाचक : एका नागर अद्भुत कादंबरीवरील अभिप्रायांचा विचार

सामान्य वाचकांचे अभिप्राय हे समीक्षेचे साधन होऊ शकतात काय, हा प्रश्न नवा नाही. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे काढून टाकलेल्या कविता ठेवल्या, त्यांच्याकडून लेखी मते मागविली आणि त्या मतांचे पृथक्करण १९२९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. सुशिक्षित वाचकही कोठे व कसा अडखळतो, हे त्या ग्रंथाने दाखवून दिले. १९३२ साली क्यू. डी. लीव्हिस यांनी लोकप्रिय कादंबरी व तिचा वाचकवर्ग ह्यांचा परामर्श घेतला. त्यांचा सूर बराचसा निषेधाचा होता. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ साली प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या अमेरिकन स्त्रियांचे म्हणणे अधिक सहानुभूतीने ऐकून घेतले. अभिप्राय म्हणजे कलाकृतीवरील अंतिम निर्णय नव्हे. तो कलाकृती आणि वाचक ह्यांच्या संयोगातून निर्माण झालेला भाषिक पुरावा होय, हे सूत्र ह्या तिन्ही प्रयत्नांतून हाती येते. प्रस्तुत लेखात हे सूत्र एका अमेरिकन साहसप्रधान कादंबरीस लावून पाहावयाचे आहे.

ही कादंबरी म्हणजे लॅरी कोरिया यांची ‘मॉन्स्टर हंटर इंटरनॅशनल’. ती प्रथम लेखकाने स्वतःच्याच उद्योगाने प्रकाशात आणली आणि २००९ साली ‘बेन बुक्स’ ह्या प्रकाशनसंस्थेने ती स्वीकारली. पुढे ‘व्हेंडेटा’ (२०१०), ‘अल्फा’ (२०११), ‘लीजन’ (२०१२) आणि ‘नेमेसिस’ (२०१४) असे तिचे भाग निघत गेले व एक दीर्घ माला तयार झाली. कोरिया व्यवसायाने हिशेबनीस. शिवाय बंदुकांचा व्यापार व शस्त्रप्रशिक्षण ह्यांचाही त्यांना अनुभव होता. कादंबरीचा नायक ओवेन पिट हाही डॅलस शहरातील एका कचेरीत हिशेबनीस आहे. एका रात्री त्याचा वरिष्ठ अधिकारी त्याच्या डोळ्यांदेखत वृकमानव बनतो. झुंजीअखेर नायक त्याला चौदाव्या मजल्याच्या खिडकीतून खाली लोटतो. त्यानंतर राक्षस मारण्याचा धंदा करणारी एक खाजगी कंपनी त्याला नोकरी देते. हे राक्षस अस्तित्वात आहेत ही गोष्ट सरकारला ठाऊक आहे. सरकार ती जनतेपासून लपविते, आणि मारलेल्या राक्षसामागे ठराविक बक्षीसही देते. ह्या चौकटीत पुढे व्हँपायर येतात, शतकानुशतके जिवंत राहिलेला एक शापित सरदार येतो, आणि एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या कथांची आठवण करून देणाऱ्या, विश्वाबाहेरच्या अतिप्राचीन शक्तीही येतात.

ह्या वाङ्मयप्रकारास नागर अद्भुत कादंबरी म्हणता येईल. एमा बुल यांची ‘वॉर फॉर द ओक्स’ (१९८७), लॉरेल हॅमिल्टन यांची ‘गिल्टी प्लेझर्स’ (१९९३) आणि जिम बुचर यांची ‘स्टॉर्म फ्रंट’ (२०००) ह्या कृतींनी त्याची वाट मळली होती. अद्भुताला दूरच्या काल्पनिक राज्यातून उचलून आजच्या रस्त्यावर, कचेरीत व घरभाड्याच्या चिंतेत आणून बसविणे हे ह्या प्रकाराचे मुख्य लक्षण. कोरियांनी त्यात भर घातली ती धंद्याची: त्यांच्या जगात राक्षस हा व्यवसायाचा विषय आहे, आणि व्यवसाय म्हटला की हत्यारे, वेतन, भरती, प्रशिक्षण व सरकारी कागदपत्रे ओघानेच आली.

वाचकांच्या अभिप्रायांकडे वळले असता पहिली गोष्ट दिसते ती ही की, स्तुती आणि निंदा ह्यांचे विषय जवळजवळ एकच आहेत. ज्यांना कादंबरी आवडली ते तिचा वेग, शस्त्रांचे नेमके तपशील, रांगडा विनोद आणि नायकाचे धैर्य ह्यांचा उल्लेख करतात. ज्यांना ती आवडली नाही ते न संपणाऱ्या चकमकी, शस्त्रांच्या याद्या, थट्टेचा सवंगपणा आणि नायकाचे अतिमानुषत्व ह्यांचा पाढा वाचतात. दोन्ही पक्षांनी पुस्तक लक्षपूर्वक वाचले आहे. दोघांनी पाहिलेली वस्तूही एकच आहे. भेद आहे तो तिच्या मूल्यमापनात. तेव्हा ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून विषय संपविता येईल. परंतु तसे केल्याने मतभेदाचे वर्णन होते, त्याची मीमांसा होत नाही.

शस्त्रवर्णनाचा मुद्दा ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. कोरियांचा निवेदक ‘बंदूक’ असा जातिवाचक शब्द वापरून थांबत नाही. तो तिची घडण, तिच्या गोळीचा व्यास, तिच्यात केलेले फेरफार हे सर्व सांगतो. नायकाच्या आवडत्या शॉटगनला तर स्वतंत्र नाव आहे. रशियन बनावटीच्या मूळ हत्यारावर स्फोटक गोळे फेकणारी नळी व चांदीचा मुलामा दिलेली संगीन बसवून ती तयार केलेली आहे. ज्या वाचकाला ही परिभाषा अवगत आहे त्याच्या बाबतीत हे शब्द अभिधेने काम करतात: शब्द उच्चारला की वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते, तिचे वजन व धक्का जाणवतो. ज्याला ती अवगत नाही त्याच्या बाबतीत अभिधा लुळी पडते आणि केवळ व्यंजना उरते. ‘बोलणारा जाणकार आहे’ एवढाच अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचतो. हा अर्थ पहिल्या दोन-चार परिच्छेदांतच पुरता पोहोचलेला असतो, म्हणून पुढील प्रत्येक तपशील त्याला पुनरुक्तीसारखा वाटतो. ‘तपशील फार आहेत’ ह्या वाक्यातील ‘फार’ हे क्रियाविशेषण पुस्तकातील शब्दसंख्या मोजीत नसून वाचकाच्या शब्दसंग्रहाची सीमा दाखवीत आहे.

परंतु एवढ्याने तपशिलांचे समर्थन होत नाही. अद्भुत कथेतील काल्पनिक सृष्टीवर वाचकाचा विश्वास बसावयाचा तर त्या सृष्टीला आंतरिक सुसंगती हवी, असे जे. आर. आर. टॉल्कीन यांनी १९३९ सालच्या आपल्या परीकथांवरील व्याख्यानात प्रतिपादिले होते. कोरिया हा विश्वास वेगळ्या मार्गाने मिळवितात. वृकमानव कोणी पाहिलेला नाही. बंदूक मात्र पुष्कळांनी पाहिली आहे. जे पडताळता येते ते अचूक सांगितले की जे पडताळता येत नाही त्यालाही वाचक पत देतो. सावकार ज्याप्रमाणे माहितीच्या तारणावर अनोळखी माणसास कर्ज देतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणूनच जाणकार वाचक एखाद्या हत्याराविषयीची चूक सहन करीत नाही, पण चौदाव्या मजल्यावरील वृकमानव निमूटपणे मान्य करतो. तपशील जेथे हे तारणाचे कार्य करतो तेथे तो कलात्मक आहे. वाचकाचा विश्वास एकदा बसल्यानंतरही, चकमकीच्या ऐन भरात, जेथे नुसती यादी येते तेथे तो पाल्हाळ आहे आणि तेथे तक्रार करणाऱ्या वाचकाचेच म्हणणे खरे मानले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, इतके राक्षस असूनही कादंबरी वाचताना भीती वाटत नाही. हे निरीक्षण अचूक आहे. त्यास दोष म्हणावे काय, हा प्रश्न निराळा. भयानक रसाचा स्थायीभाव भय, तर वीररसाचा उत्साह. भय निर्माण होते ते संकट अज्ञात, अमर्याद व प्रतिकारापलीकडचे असते तेव्हा. कोरियांच्या सृष्टीत प्रत्येक राक्षसाचे वर्गीकरण झालेले आहे, त्याला मारण्याची रीत ठरलेली आहे, इतकेच नव्हे तर त्याची किंमतही ठरलेली आहे. ज्याचे मूल्य रुपये-आणे-पैत, किंवा येथे डॉलरांत, सांगता येते त्याचे भय वाटत नाही. त्याच्याविषयी उत्साह वाटतो. भरताने वीरापासून अद्भुताची आणि बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती सांगितली आहे. ह्या कादंबरीत पहिली साखळी शाबूत आहे. दुसरी मात्र जाणूनबुजून तोडलेली आहे. बीभत्स येथे विपुल आहे, पण तो भयानकाकडे न जाता हास्याकडे वळतो. भयकथेच्या अपेक्षेने आलेला वाचक निराश होतो ह्याचे कारण हे आहे. अतिप्राचीन शक्तींच्या प्रसंगी मात्र ही सबब पुरत नाही. त्या शक्ती मानवी मापांत न मावणाऱ्या आहेत असे कादंबरी स्वतःच सांगते आणि नंतर त्यांच्याशीही बंदुकीच्या भाषेतच व्यवहार करते. तेथे आक्षेप वाचकाच्या अपेक्षेतून न येता कादंबरीच्याच विधानातून येतो.

तिसरा मुद्दा नायकाचा. काही वाचक त्याला ‘आपल्यातलाच एक’ म्हणतात, काही त्याला लेखकाच्या इच्छापूर्तीची बाहुली समजतात. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीची जी कल्पना मांडली ती येथे उपयोगी पडते. वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि ह्या दुहेरी अवस्थेत त्याला वाङ्मयाचा आनंद लाभतो, असे त्या उपपत्तीचे सार सांगता येईल. ही समाधी साधण्यासाठी नायक आणि वाचक ह्यांमध्ये थोडे साम्य हवे व थोडे अंतरही हवे. कादंबरीच्या पूर्वार्धात हे प्रमाण साधलेले आहे. नायक कचेरीत राबणारा, वरिष्ठाच्या जाचाला कंटाळलेला, रूपाने बेताचा असा आहे. त्याच्यासमवेत भरती झालेल्यांत शिक्षक आहे, ग्रंथपाल आहे, नाचघरात काम करणारी स्त्री आहे. संकटातून वाचलेल्या सामान्य माणसांनी शिकून, सराव करून शिकारी व्हावे, ही कल्पना मनास पटणारी आहे. उत्तरार्धात मात्र नायक नियतीने निवडलेला ठरतो. स्वप्नांतून एक मृतात्मा त्याला मार्गदर्शन करू लागतो. जे कष्टाने मिळावयाचे ते नेमणुकीने मिळू लागते. ‘आपल्यातलाच एक’ म्हणणारा वाचक पूर्वार्धाविषयी बोलत आहे, ‘बाहुली’ म्हणणारा उत्तरार्धाविषयी. दोघांचेही विधान आपापल्या जागी बरोबर आहे आणि त्या दोहोंच्या मधली फट ही कादंबरीचीच रचनात्मक फट आहे. प्रेमकथेतील प्रतिस्पर्धी ग्रँट जेफरसन ह्याला लेखकाने इतका पोकळ रंगविला आहे की नायिका ज्यूलीने त्याला एकदा पसंत तरी कसे केले असा प्रश्न पडावा. ज्यूलीसारख्या कर्तबगार स्त्रीच्या विवेकावरच त्यामुळे सावली पडते.

विनोदाबाबतही असाच विचार करावा लागतो. टॉल्कीन यांच्या कथांतील तेजस्वी, गंभीर एल्फ येथे मिसिसिपीतील गरीब गोऱ्यांच्या, चाकांवरील घरांच्या वस्तीत राहतात. उलट ऑर्क हे स्वामिनिष्ठ, शूर आणि हेवी मेटल संगीताचे भक्त आहेत. ही उलटापालट हसविते, कारण वाचकाच्या कानात टॉल्कीनची भारदस्त भाषा अगोदरच घुमत असते. परंतु एल्फांच्या वस्तीचे हसे एका खऱ्या समाजस्तराच्या बोलीच्या व राहणीच्या आधारावर उभे आहे. ज्यांना त्यातले केवळ वाङ्मयीन विडंबन दिसते ते हसतात. ज्यांना त्यामागचा समाज दिसतो ते बिचकतात. बोलीचा विनोदासाठी उपयोग करणाऱ्या प्रत्येक लेखकापुढे हा पेच असतो.

शेवटचा मुद्दा मतप्रणालीचा. कादंबरीतील सरकारी खाते दडपशाही करणारे, गुप्ततेचे वेड लागलेले. खाजगी कंपनी मात्र कार्यक्षम व आपुलकीची. नायक कचेरीच्या नियमाविरुद्ध पिस्तूल बाळगतो, आणि त्यामुळेच वाचतो. ह्या विचाराशी सहमत असणाऱ्यास हे स्वाभाविक वाटते, असहमत असणाऱ्यास प्रचारकी. ह्यात पुढे एका बाह्य घटनेची भर पडली. २०१३ साली कोरियांनी ह्यूगो पारितोषिकाच्या नामांकनांसाठी ‘सॅड पपीज’ ह्या नावाची मोहीम सुरू केली. २०१५ साली ‘नेमेसिस’ला मिळालेले नामांकन त्यांनी नाकारले, आणि त्याच वर्षी मतदारांनी पाच विभागांत कोणासही पारितोषिक न देण्याचा कौल दिला. ह्या वादानंतर २००९ च्या कादंबरीविषयी लिहिले गेलेले मत हे बहुधा निव्वळ कादंबरीविषयीचे राहिले नाही. रिचर्ड्स यांनी कवींची नावे का काढून टाकली होती, हे येथे लक्षात येते. अभिप्रायांचा अभ्यास करणाऱ्याने म्हणूनच प्रत्येक अभिप्रायाचा काळ प्रथम पाहिला पाहिजे. हस्तलिखितांच्या अभ्यासात जी शिस्त आवश्यक मानली जाते तीच येथेही आवश्यक आहे.

ह्या विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. अभिप्रायांतील विशेषणे बाजूला ठेवून ती कोणत्या स्थळी उमटली ते पाहिले, तर ‘कंटाळवाणे’, ‘थरारक’, ‘फार’ हे शब्द कलाकृतीतील सांधे व भेगा दाखविणारी खूण ठरतात. दुसरे असे की, ‘ही केवळ करमणूक आहे’ हा कोरियांच्या चाहत्यांचा बचाव त्यांच्याच अभिप्रायांनी खोटा पाडला आहे. हत्याराच्या एका चुकीबद्दल जो वाचक लेखकास क्षमा करीत नाही तो केवळ वेळ घालवीत नसतो, तो सत्याची एक कसोटी लावीत असतो. तीच कसोटी पात्रांना व नियतीच्या योजनेला लावण्याचे तो टाळतो, हा त्याचा दोष. आणि तो अशी कसोटी लावतो ह्याची दखलच न घेणे, हा विद्यापीठीय समीक्षेचा. पहिला दोष दूर करणे समीक्षकाच्या हाती नाही, दुसरा आहे.