गाल्वाची ती एक रात्र आणि बेलचं पुस्तक

पीएच.डी.ला लागण्याआधी गणितज्ञांची चरित्रं वाचा, असा सल्ला आपल्याला हमखास मिळतो. आणि मग हातात पडतं ते एरिक टेंपल बेल यांचं १९३७ सालचं 'मेन ऑफ मॅथेमॅटिक्स'. पुस्तक वाचायला मस्त आहे, हे आधीच सांगून टाकते. बेल स्वतः गणिती होते, कॅलटेकमध्ये शिकवायचे. जॉन नॅश आणि ज्युलिया रॉबिन्सन या दोघांनीही विद्यार्थीदशेत हे पुस्तक वाचलं होतं आणि त्याचा प्रभाव मान्य केला होता. त्यामुळे पुस्तक टाकाऊ आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. माझं भांडण आहे ते गाल्वाच्या प्रकरणाशी.

बेल सांगतात ती गोष्ट थोडक्यात अशी. वीस वर्षांचा एव्हारिस्त गाल्वा द्वंद्वयुद्धाच्या आदल्या रात्री जिवाच्या आकांताने लिहीत बसतो, मध्येमध्ये 'वेळ नाही, वेळ नाही' असं खरडतो आणि पहाटेपर्यंत गणिताचं एक नवं दालन उघडून जातो. आयुष्यभर त्याला भेटलेले सगळे मूर्ख. प्रकरणाचं नावच मुळी 'जीनियस अँड स्टुपिडिटी'!

आता तारखा बघा. गाल्वाचा पहिला पेपर छापून आला १८२९ मध्ये. १८३० मध्ये आणखी तीन आले, त्यातल्या एकात आज आपण ज्याला फायनाइट फील्ड म्हणतो त्याची कल्पना आहे. समीकरणांवरचा मुख्य प्रबंध त्याने पॅरिसच्या अकादमीकडे जानेवारी १८३१ मध्ये दिला, म्हणजे मृत्यूच्या सव्वा वर्ष आधी. २९ मे १८३२ च्या रात्री त्याने केलं काय? मित्र ऑग्युस्त शेव्हालिए याला एक लांब पत्र लिहिलं, कामाचा आढावा घेतला, जुन्या हस्तलिखितात दुरुस्त्या केल्या. 'वेळ नाही' ही नोंद खरी आहे, पण ती एका सिद्धतेच्या समासात आहे, तिथे काहीतरी पुरं करायचं राहिलंय एवढं सांगणारी. सिद्धांत आधीच उभा होता.

आणि हा सिद्धांत काही एका रात्रीत सुचण्यासारखा नाहीच. क्षचा पाचवा घात बरोबर २, या समीकरणाची उकल मुळं काढून लिहिता येते. पण क्षचा पाचवा घात वजा क्ष वजा १ बरोबर शून्य, याची येत नाही. का? पाचव्या घाताचं सरसकट सूत्र नाही, हे आबेलने दाखवलं होतं. पण एखादं समीकरण दिलं तर ते सुटणाऱ्यांपैकी आहे की नाही हे ठरवायचं कसं? गाल्वाने उत्तरांच्या आपसातल्या अदलाबदलींकडे पाहिलं. कोणत्या अदलाबदली चालतात, त्यांचा मिळून गट कसा दिसतो, तो टप्प्याटप्प्याने मोडता येतो का, यावर सगळं अवलंबून आहे. लाग्रांजपासून चालत आलेली ही वाट होती. गाल्वाने ती वाचली होती, पचवली होती.

बेलच्या गोष्टीतला खलनायक आहे पॉयसाँ. बेल सांगतात ते एवढंच, की पॉयसाँला प्रबंध समजण्यासारखा वाटला नाही. जुलै १८३१ चा अहवाल मात्र जरा निवांत वाचावा. त्यात दोन मुद्दे आहेत. एक, मांडणी इतकी तुटक आहे की सिद्धता बरोबर की चूक हे ठरवता येत नाही. दोन, दिलेली अट समीकरणाचे सहगुणक पाहून तपासता येत नाही, त्यासाठी उत्तरांमधला संबंधच माहीत हवा. दुसरा मुद्दा गाल्वाचा दृष्टिकोनच हुकवतो, हे खरं. पण पहिला? आपल्या भाषेत सांगायचं तर ते 'मेजर रिव्हिजन' आहे. शेवटी त्यांनी असंही सुचवलंय की लेखकाने सगळं काम एकत्र प्रसिद्ध करावं, मग मत बनवता येईल.

कोशीबद्दल बेलना झुकतं माप द्यायला हवं. कोशीने प्रबंध हरवला असं ते लिहितात, पण गाल्वाचं काम अकादमीत मांडायचा आपला बेत होता असं सांगणारं कोशीचं जानेवारी १८३० चं पत्र १९७१ मध्ये उजेडात आलं. फूर्येच्या मृत्यूनंतर दुसरा प्रबंध गहाळ झाला, तो निव्वळ दुर्दैवाचा भाग. बाकी वडिलांची आत्महत्या, एकोल पॉलितेक्निकमध्ये दोनदा नापास होणं, राजकारणापायी तुरुंग, हे सगळं खरंच घडलं. या मुलावर अन्याय झालाच नाही असं कोणी म्हणू नये.

पण बेलचं प्रकरण वाचून फर्स्ट इयरचा स्कॉलर काय घेऊन उठतो? रिव्ह्यूअरला कळलं नाही म्हणजे तो मठ्ठ, आणि आपण गाल्वा. 'हे उघडच आहे' असं लिहून तीन पायऱ्या गाळलेले ड्राफ्ट मी लॅबमध्ये बरेच पाहिलेत. गाल्वाच्या त्याच गाळलेल्या पायऱ्या भरायला पुढे लिऊव्हिलसारखा माणूस हस्तलिखितं घेऊन बसला, आणि ती छापली गेली १८४६ साली, चौदा वर्षांनी.

बेल वाचाच. फक्त त्यालगत टोनी रॉथमन यांचा 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'तला १९८२ चा लेखही काढा. गाल्वाच्या चरित्रकारांची, बेल धरून, त्यांनी एकेक करून झडती घेतली आहे.