शब्दशोध आणि इतिहासदृष्टी

विद्यापीठीय इतिहास-अध्यापनात संगणकीय साधनांचा वापर आता रूढ झाला आहे. बौद्ध इतिहासाच्या संदर्भात त्यांचे मूल्यमापन होणे अगत्याचे आहे. १९५४–५६ मध्ये रंगून येथे भरलेल्या छट्ठ संगायनेचे पाली वाङ्मय इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीसह अनेक लिप्यांत विनामूल्य उपलब्ध केले. ज्या ग्रंथांसाठी पूर्वी मोठ्या शहरातील ग्रंथालय गाठावे लागे, ते आज तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही वाचता येतात. ज्ञानावरील मक्तेदारी मोडणारी ही घटना निःसंशय स्वागतार्ह होय.

परंतु ग्रंथ हाती येणे म्हणजे इतिहास हाती येणे नव्हे. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचेच उदाहरण घेऊ. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी पहिलाच प्रश्न परिव्रज्येविषयी उपस्थित केला. वृद्ध, रोगी आणि प्रेत एकोणतिसाव्या वर्षी प्रथमच दृष्टीस पडले, हे बुद्धीला कसे पटावे? संगणकावर शब्द शोधला की चार निमित्तांची कथा क्षणात सापडते. पण ती कोठे सापडते, हे महत्त्वाचे. दीघनिकायाच्या महापदान सुत्तात ती विपस्सी बुद्धाची आहे. गौतमाविषयी बुद्धवंसात ओझरता उल्लेख येतो आणि सविस्तर कथा जातकट्ठकथेच्या निदानकथेत. मज्झिमनिकायाच्या अरियपरियेसन सुत्तात रडणारे मातापिता आहेत, चार दृश्ये नाहीत. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्त तर कलह पाहून उपजलेल्या संवेगाविषयी बोलते.

रोहिणीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा कलह अट्ठकथेत संबोधीनंतरचा आहे. तेवढे दाखवून बाबासाहेबांचे प्रतिपादन खोडल्याचे समाधान जो मानील, त्याने तीच कसोटी निदानकथेलाही लावली पाहिजे. बाबासाहेबांचा प्रश्न त्यानंतरही उभाच राहतो.

मूळ, अट्ठकथा आणि टीका हे विभाग या साधनात वेगळे ठेवले आहेत. कंसात पाठभेदही दिले आहेत. घाईने उतारा उचलणारा वाचक नेमके तेच गाळतो. म्हणून प्रत्येक अवतरणासोबत ग्रंथ, स्तर आणि पाठभेद नोंदविण्याचा दंडक अध्यापकाने घालून द्यावा. प्रमाण तपासल्याशिवाय स्वीकारू नये, ही कालामांना दिलेली शिकवण संगणकाच्या पडद्यालाही लागू आहे.