बेसबॉलची अवघड क्विझ आणि तिची त्याहून अवघड उत्तरसूची



गेल्या काही दिवसांत पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांकडून एकच प्रश्न आला: "लिटरेचर रिव्ह्यूमधला आकडा 'पडताळून घ्या' असं गाईड म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं? पेपरमध्ये छापलंय, अजून काय पडताळायचं?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मी माझ्या विषयातलं उदाहरण शोधत होतो आणि सापडलं भलतीकडेच, बेसबॉलमध्ये.

झालं असं, की आमच्या लॅबमधला एक सीनियर सध्या पोस्टडॉकसाठी अमेरिकेत आहे. त्याच्या डिपार्टमेंटच्या गेट-टुगेदरला प्रोफेशनल बेसबॉलचा इतिहास आणि विक्रम यांवर पंचवीस 'अवघड' प्रश्नांची क्विझ होती. त्याने प्रश्न आणि उत्तरसूची दोन्ही पाठवली. मला सात आले, त्यातले दोन अंदाजपंचे. मग हट्टाने एकेक उत्तर तपासायला बसलो आणि लक्षात आलं, की काही ठिकाणी उत्तरसूचीच नापास होतेय. आजची पोस्ट म्हणजे त्या क्विझचं परीक्षण. बेसबॉल येत नसेल तरी चालेल, मलाही फार येत नाही.

एवढं फक्त लक्षात ठेवा. बेसबॉलची बॅटिंग अ‍ॅव्हरेज क्रिकेटसारखी धावांची नसते. चेंडू मारून खेळाडू सुखरूप बेसवर पोहोचला की ती एक 'हिट'. एकूण हिट भागिले मोजल्या जाणाऱ्या संधी, म्हणजे 'अ‍ॅट बॅट', ही झाली अ‍ॅव्हरेज. दहा संधींत तीन हिट म्हणजे .३००, आणि एवढ्यावर माणूस चांगला फलंदाज ठरतो.

आधी चांगलं ते

क्विझमध्ये दोन प्रश्न फार छान होते. एक: लागोपाठच्या दोन सामन्यांत 'नो-हिटर' टाकणारा, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट न देणारा पिचर कोण? उत्तर: सिनसिनाटीचा जॉनी व्हँडर मीर, ११ आणि १५ जून १९३८. दुसरा: सेंट लुईसच्या स्टॅन म्युझियलच्या ३,६३० हिटपैकी घरच्या मैदानावर किती? उत्तर: १,८१५. म्हणजे बाहेरही बरोबर १,८१५!

हे प्रश्न चांगले का? ते अवघड आहेत, पण निसरडे नाहीत. काय मोजायचं ते स्पष्ट आहे, कधीपासून कधीपर्यंत ते स्पष्ट आहे, आणि कोणीही नोंदी घेऊन बसला तरी तिथेच पोहोचेल. बाकीच्या चार प्रश्नांचं मात्र तसं नाही.

'१९१० चा अमेरिकन लीगचा बॅटिंग चॅम्पियन कोण?'

उत्तरसूची म्हणते टाय कॉब. त्या वर्षी कॉब आणि क्लीव्हलँडचा नॅप लाजोई यांच्यात चुरस होती आणि जिंकणाऱ्याला चाल्मर्स कंपनीची मोटार मिळणार होती. कॉब कोणाला फारसा आवडायचा नाही. शेवटच्या दिवशी सेंट लुईसच्या संघाने तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूला मुद्दाम मागे उभं केलं आणि लाजोईने दोन सामन्यांत मिळून आठ हिट मिळवल्या. बहुतेक सगळ्या हलकेच ढकललेल्या चेंडूंवर. गदारोळ झाला. शेवटी लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी कॉबला विजेता जाहीर केलं आणि कंपनीने दोघांनाही मोटार देऊन विषय मिटवला.

मिटला कुठला! पीट पामर नावाच्या आकडेतज्ज्ञाने जुन्या नोंदवह्या तपासल्या तेव्हा कळलं, की कॉबचा एक सामना, तीन संधींत दोन हिट, लीगच्या वहीत दोनदा चढवला गेला होता. ती दुबार नोंद काढली की लाजोई पुढे जातो. १९८१ मध्ये हे 'द स्पोर्टिंग न्यूज'ने छापलं. पुरावा समोर होता, तरी तेव्हाचे कमिशनर बोवी कून यांनी अधिकृत निकाल बदलायला नकार दिला.

याचा पुढचा परिणाम बघा. अधिकृत यादीत कॉबच्या कारकिर्दीतल्या हिट ४,१९१ आहेत, संशोधकांच्या दुरुस्त हिशेबात ४,१८९. पीट रोझने हा विक्रम मोडला तो ११ सप्टेंबर १९८५ ला सिनसिनाटीत, घरच्या प्रेक्षकांसमोर, फटाक्यांच्या आतषबाजीत. दुरुस्त आकडा धरला तर विक्रम तीन दिवस आधीच, ८ सप्टेंबरला शिकागोत मोडला गेला होता, आणि तेव्हा मैदानात कोणाला त्याचा पत्ताही नव्हता. कारकुनाने १९१० मध्ये चढवलेली एक ओळ पंचाहत्तर वर्षांनी सोहळ्याचं शहर बदलून गेली!

इथे मला हसू येत नाही, कारण हे माझ्याच बाबतीत झालंय. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी ओढ्यातल्या कीटकांच्या मोजणीचा एक फील्ड-शीट एक्सेलमध्ये दोनदा चढला, एकदा माझ्याकडून आणि एकदा मदतीला आलेल्या ज्युनियरकडून. दोन ठिकाणांमधला जो फरक मी मोठ्या अभिमानाने पोस्टरवर टाकला होता, तो दुबार नोंद काढल्यावर जवळपास उरलाच नाही. पोस्टर छापून आलं होतं, कॉन्फरन्स परवावर होती. "एवढ्याशा फरकाने काय होतंय, राहू दे" असा सल्लाही मिळाला. रात्रभर झोप नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी गाईडना सांगितलं, आलेख बदलला आणि नवीन प्रिंट जुन्यावर चिकटवली. लोकांनी विचारलं, मी सांगितलं. लाज वाटली, पण त्या दिवसापासून 'आकडा कुठून आला' हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो.

'एका हंगामात सर्वाधिक आरबीआय?'

आरबीआय म्हणजे फलंदाजाच्या खेळामुळे संघाच्या खात्यात आलेल्या धावा. उत्तरसूची: शिकागो कब्जचा हॅक विल्सन, १९३०, एकूण १९०. हे उत्तर जवळपास सत्तर वर्षं बरोबर होतं. मग संशोधकांच्या लक्षात आलं, की जुलै १९३० मधल्या एका सामन्यात विल्सनची एक आरबीआय चुकून त्याचाच सहकारी चार्ली ग्रिमच्या नावावर गेली होती. १९९९ मध्ये कमिशनर बड सेलिग यांनी दुरुस्ती मान्य केली आणि आकडा १९१ झाला. क्विझ करणाऱ्याने बहुधा जुनं पुस्तक उघडलं असावं.

आता हा प्रश्न आणि आधीचा प्रश्न शेजारी ठेवा. दोन्हीकडे नोंदीची चूक, दोन्हीकडे पुरावा. एकीकडे आकडा बदलला, दुसरीकडे नाही. चूक सिद्ध होणं आणि चूक दुरुस्त होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली पुराव्यावर चालते, दुसरी कोणाच्या तरी सहीवर. आपल्या क्षेत्रातही एखाद्या पेपरची चूक सगळ्यांना माहीत असते, पण जर्नलमध्ये दुरुस्ती आलेली नसते, आणि जुना आकडा सायटेशनच्या गाडीत बसून पुढे जात राहतो.

'सर्वात जास्त इनिंग्जचा नो-हिटर कोणाचा?'

उत्तरसूची: पिट्सबर्गचा हार्वी हॅडिक्स, २६ मे १९५९, बारा इनिंग्ज. बिचाऱ्याने मिलवॉकीविरुद्ध सलग बारा इनिंग्ज एकालाही बेसवर पोहोचू दिलं नाही आणि तेराव्यात सामना ०-१ असा हरला. बरीच वर्षं याची गणना नो-हिटरमध्ये व्हायची. १९९१ मध्ये एका समितीने व्याख्या बदलली: नऊ किंवा जास्त इनिंग्ज आणि सामना संपेपर्यंत एकही हिट नाही, तरच नो-हिटर. हॅडिक्सला तेराव्यात हिट बसली होती. झालं, यादीतून नाव गेलं, आणि त्याच्याबरोबर पन्नासेक इतर सामनेही गेले.

मैदानावर जे घडलं त्यात बत्तीस वर्षांनी एका चेंडूचाही फरक पडला नव्हता. बदलली फक्त व्याख्या. म्हणूनच सिनॉप्सिसमध्ये 'ऑपरेशनल डेफिनिशन' लिहायला सांगतात. तुम्हाला ती फॉर्मवरची एक रिकामी जागा वाटते, पण तुमचे अर्धे निष्कर्ष तिथेच ठरतात.

क्रिकेटवाल्यांनी फार खूश होऊ नका. जॅक हॉब्जची प्रथम श्रेणीतली शतकं किती? विस्डेनप्रमाणे १९७, काही संख्याशास्त्रज्ञांप्रमाणे १९९. वादातली दोन शतकं १९३०-३१ मधली, विझियानगरमच्या महाराजकुमारांच्या, म्हणजे आपल्या 'विझी'च्या संघाकडून काढलेली. सामने प्रथम श्रेणीचे धरायचे की नाही, एवढाच प्रश्न.

'कारकिर्दीतली सर्वोच्च बॅटिंग अ‍ॅव्हरेज?'

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उत्तरसूची: टाय कॉब, .३६७. कित्येक दशकं हेच उत्तर होतं. पण मे २०२४ पासून मेजर लीग बेसबॉलच्या अधिकृत यादीत पहिलं नाव आहे जॉश गिब्सनचं, .३७२. एका हंगामाचा विक्रमही त्याच्याच नावावर, १९४३ चा .४६६. आधी तो ह्यू डफीचा होता, १८९४ चा .४४०.

गिब्सनने २०२४ मध्ये काही केलं नाही. तो जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला. त्याआधी कित्येक दशकं कृष्णवर्णीय खेळाडूंना तिथे दार बंद होतं, म्हणून ते नीग्रो लीग्ज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धांत खेळायचे. कोणत्या लीग 'मेजर' धरायच्या हे १९६८-६९ मध्ये एका समितीने ठरवलं आणि सहा लीग निवडल्या. त्यात १८८४ चा एकच हंगाम टिकलेली युनियन असोसिएशनसुद्धा होती. नीग्रो लीग्ज नव्हत्या. २०२० मध्ये १९२० ते १९४८ मधल्या अशा सात लीगना मेजर दर्जा मिळाला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य यादीत मिसळले गेले. त्यासाठी संशोधकांनी वर्षानुवर्षं जुन्या वर्तमानपत्रांतले बॉक्सस्कोअर एकेक करून गोळा केले होते.

म्हणजे जुनी यादी 'सर्व खेळाडूंची' कधी नव्हतीच. ज्यांना आत येऊ दिलं, त्यांची होती. संशोधनाच्या भाषेत याला सॅम्पलिंग फ्रेम म्हणतात. फ्रेमच्या बाहेर कोण राहिलं हे तुम्ही विचारलं नाही, तर गणित कितीही चोख असलं तरी 'सर्वोच्च' हा शब्द वापरायचा अधिकार मिळत नाही.

पण नवीन उत्तरही डोळे मिटून घेऊ नका. नीग्रो लीग्जचे अधिकृत हंगाम लहान असायचे, आणि लहान हंगामात अ‍ॅव्हरेज टोकाला जाण्याची शक्यता जास्त असते. सगळे बॉक्सस्कोअर अजून सापडलेलेही नाहीत. यादीत येण्यासाठी किमान किती संधी हव्यात, हाही कोणीतरी घेतलेला निर्णयच आहे. काही लोक यावरून म्हणतात, की मग तुलनाच नको. मला ते पटत नाही. लहान हंगाम गिब्सनने निवडले नव्हते. मर्यादा लिहून ठेवायची आणि आकडा यादीत ठेवायचा, हेच प्रामाणिक.

मग क्विझला किती मार्क?

प्रश्नांना चांगले, उत्तरसूचीला कमी. माझी तक्रार उत्तरं जुनी आहेत एवढीच नाही. प्रत्येक उत्तरापुढे एकच आकडा आहे आणि तो कुठला, कधीचा, कोणत्या व्याख्येचा याचा पत्ता नाही, ही खरी तक्रार आहे. 'अवघड' म्हणजे ज्याचं उत्तर कमी लोकांना पाठ असतं, असं क्विझ मानते. पण खरा अवघड प्रश्न असा हवा: "कॉबच्या हिट ४,१९१ आणि ४,१८९ अशा दोन ठिकाणी दोन दिसतात. का?" याचं उत्तर पाठ करता येत नाही, शोधावं लागतं. मुलाखतीत किंवा आरएसीसमोर तुम्हाला असेच प्रश्न येणार आहेत.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावरचा कोणताही एक आकडा घ्या आणि त्याला चार गोष्टी विचारा:

१. हा मूळ कोणी मोजला? (ज्याने उद्धृत केला तो नाही, ज्याने मोजला तो.)
२. मोजताना व्याख्या कोणती होती?
३. मोजणीतून कोण किंवा काय बाहेर राहिलं?
४. नंतर कधी दुरुस्ती झाली का, आणि मी कोणती आवृत्ती वापरतोय?

मी माझ्या स्वतःच्या सिनॉप्सिसवर हे करून पाहिलं. पहिल्या पानावर पाच आकडे होते, मूळ मोजणीपर्यंत पोहोचलो फक्त तिघांच्या. उरलेले दोन मी काढून टाकले आणि परिच्छेदाचं काही बिघडलं नाही.

तुमचे किती टिकले ते खाली नक्की लिहा. आणि त्या सीनियरला मी दुरुस्त उत्तरसूची पाठवली आहे. त्याचं म्हणणं, पुढच्या वर्षीची क्विझ मीच काढायची. आता आली का पंचाईत!