‘प्रतिनिधी’ आणि ‘बंड’ : कऱ्हाड प्रांताच्या इतिहासातील दोन शब्द

तारळी नदी कृष्णेस मिळते त्या उंब्रज गावाच्या पूर्वेस मसूर, तर दक्षिणेस तळबीड व वसंतगड ही स्थळे आहेत. त्याही खाली, कृष्णा-कोयनेच्या संगमावर, कऱ्हाड वसले आहे. काळ्या जमिनीचा हा सुपीक पट्टा पंतप्रतिनिधींच्या घराण्याचे प्रमुख बलस्थान होता. या घराण्याच्या इतिहासाची चर्चा सनदा, वसूल व लढाया यांच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. परंतु ज्या शब्दांत तो इतिहास सांगितला जातो, त्या शब्दांची परीक्षा मात्र क्वचितच होते.

प्रथम ‘प्रतिनिधी’ हा शब्द घेऊ. मीमांसाशास्त्रात तो यज्ञातील पर्यायी द्रव्यासाठी येतो. सोम न मिळाल्यास पूतिका ही त्याची प्रतिनिधी होय. मूळ वस्तूच्या अभावीच प्रतिनिधीस स्थान आहे. शिवाय द्रव्यास प्रतिनिधी चालत असला, तरी यज्ञफलाचा भोक्ता जो स्वामी, त्यास सामान्यतः प्रतिनिधी नाही, असा जैमिनींचा निर्णय आहे. राजाराम महाराजांनी जिंजी येथे हे पद निर्माण करून प्रथम प्रल्हाद निराजींस दिले, तेव्हा शास्त्राने वर्ज्य मानलेला अर्थच राज्यव्यवहाराने स्वीकारला. हे पद अष्टप्रधानांच्याही वरचे, म्हणजे पेशव्यांहूनही श्रेष्ठ मानले जाई. पुढे किन्हईकर परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात ते वंशपरंपरागत झाले.

१८०६ च्या प्रसंगात या शब्दाची कसोटी लागली. परशुराम श्रीनिवास प्रतिनिधी मसूर येथे अटकेत असता ताई तेलिणीने त्यांस सोडविले. सुटताच त्यांनी आपण साताऱ्याच्या छत्रपतींचे सेवक आहोत, असे जाहीर केले व दुसऱ्या बाजीरावाच्या सत्तेस आव्हान दिले. वसंतगडानजीक बापू गोखल्यांनी त्यांचा पराभव केला. लढाईत हात गमावल्यामुळे ते ‘थोटेपंत’ या नावाने ओळखले जाऊ लागले. ताई तेलिणीने वासोटा किल्ला सुमारे आठ महिने लढविला.

या प्रसंगास ‘प्रतिनिधीचे बंड’ म्हणण्याचा प्रघात आहे. आक्षेप आहे तो येथे. ‘बंड’ हा शब्द केवळ घटनेचे वर्णन करीत नाही. अधिकार कोणाचा, हा वादही तो आधीच निकालात काढतो. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच येत. म्हणजे पेशवे व प्रतिनिधी हे दोघेही एकाच स्वामीच्या वतीने सत्ता चालविणारे होते आणि तो स्वामी साताऱ्यात नजरबंद होता. एका सेवकाने दुसऱ्यास बंडखोर म्हणावे, हे राजकारणात समजण्यासारखे आहे. इतिहासकाराने तोच शब्द विनाचिकित्सा उचलावा, हे समर्थनीय नाही. अर्थात प्रतिनिधींची घोषणा निष्ठेच्या भाषेत आहे, एवढ्यावरून त्यांचा हेतू शुद्ध ठरत नाही. बंदीवान स्वामीच्या नावाचा उपयोग पुण्यास होत होता, तसाच तो मसूरलाही होऊ शकत होता. म्हणून ‘बंड’ याऐवजी ‘निष्ठा’ हा शब्द घालून भागणार नाही. ‘पेशव्यांविरुद्धचा उठाव’ असे म्हटल्यास विरोध कोणास होता, एवढे तरी स्पष्ट राहते.

शब्दांचा असाच पक्षपात इतरत्रही आहे. किल्ला लढविणारी स्त्री तिच्या जातिनामाने ओळखली जाते. तिच्याविषयी लोकांच्या तोंडी राहिलेली ओवजी उक्तीही तिला ‘तेलीण’ असेच म्हणते. शेतकऱ्याच्या वाट्यास तर तेवढेही नाव आलेले नाही. ‘सनद’, ‘जहागीर’, ‘सरंजाम’ हे सारे शब्द घेणाऱ्याच्या बाजूचे आहेत. वास्तविक वासोटा पडला तो आगीत धान्याचा साठा जळाल्यामुळे. ज्या धान्यावर किल्ला टिकला, ते पिकविणाऱ्यांचा या कथेत उल्लेख नाही. प्रांताची समृद्धी सरदाराच्या ऐश्वर्यावरून मोजण्याच्या सवयीचा हा परिणाम होय.

‘प्रतिनिधी’ या शब्दाने मात्र पुढे दिशा बदलली. १९३९ मध्ये औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी नवी राज्यघटना देऊन सत्ता लोकनियुक्त प्रतिनिधींच्या हाती सोपविली. राजाच्या जागी उभा राहणारा तो प्रतिनिधी, हा अर्थ मागे पडून लोकांच्या वतीने उभा राहणारा तो प्रतिनिधी, हा अर्थ त्याच घराण्याच्या राज्यात कायद्याने रूढ झाला. जैमिनींचा प्रश्न तरीही उरतोच : येथे स्वामी कोण? कृष्णाकाठच्या इतिहासलेखनाने तो प्रश्न त्या भूमीत राबणाऱ्याच्या बाजूने विचारावयास हवा.