मोगल व्यक्तिचित्रे : द्रव्य आणि श्रम

व्यक्तिचित्राचा विचार करताना टीकाकाराची दृष्टी सहसा चित्रित व्यक्तीच्या स्वभावाकडे, नाहीतर चित्रकाराच्या प्रतिभेकडे वळते. ह्या दोहोंच्या मध्ये कागद, रंग आणि हातांचे श्रम उभे असतात, ह्याचा त्याला विसर पडतो. अकबर आणि जहांगीर ह्यांच्या कारकिर्दींतील (१५५६ ते १६२७) व्यक्तिचित्रे मात्र हा विसर पडू देत नाहीत.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘अकबरनामा’ची ११६ चित्रे आहेत. त्यांच्या समासात श्रमांची वाटणी नोंदविलेली आढळते : ‘तरह’ म्हणजे आराखडा एकाचा, ‘अमल’ म्हणजे रंगकाम दुसऱ्याचे. हवाई नावाच्या हत्तीवर स्वार झालेल्या अकबराच्या चित्रात आराखडा बसावनचा, तर रंगकाम चेतरचे आहे. काही पानांवर ‘चेहरानामी’ अशी तिसरी नोंद येते; तेथे मुख्य चेहरे आणखी एका हाताने काढलेले असतात. चेहरा हे स्वतंत्र कौशल्य मानले गेले होते, हे त्यावरून उघड होते.

द्रव्यांचीही अशीच दखल घेतली जाई. चित्रकारांना लागणाऱ्या जिनसांच्या किमती काळजीपूर्वक ठरविल्या गेल्याचे अबुल फजल ‘आईन-इ-अकबरी’त सांगतो. निळ्या रंगाचा दगड बदक्शानहून येई. घोटलेला कागद, डिंकात कालविलेले रंग आणि खारीच्या केसांचा कुंचला ह्यांवर मुद्रेची सूक्ष्मता अवलंबून असे. हरणाच्या पारदर्शक कातड्यावर उतरवून घेतलेली रेषा पुन्हा पुन्हा वापरता येई. तेव्हा बादशहाचा परिचित चेहरा हा प्रत्येक वेळी नव्याने घेतलेला अनुभव नव्हे. तो कारखान्याने जतन केलेला ठेवा होय.

मग ह्या चित्रांत व्यक्ती उरते कोठे? कारागिरीचा हिशेब मांडला की कला संपली, असे मानणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. एकाच चेहऱ्यात डोळा आणि भुवई परक्या हाताची असली, तरी मूळ चेहरा कोणाचा आणि डोळा कोणाचा हे आपण ओळखू शकतो, असे जहांगीर आत्मचरित्रात अभिमानाने सांगतो. ह्या अभिमानात रसिकाइतकाच मालकही बोलतो; परंतु वाटून केलेल्या कामातही प्रत्येक हात ओळखता येतो, ही जाणीव त्यातून निश्चित प्रकट होते.

१६१८ मध्ये त्याच्याच आज्ञेवरून मरणोन्मुख इनायतखानाचे चित्रण झाले. बोस्टनमधील रेखाटनात रंग जवळजवळ नाहीत. कोरा कागदच खंगलेल्या देहाची पोकळी होतो. ऑक्सफर्डमधील रंगीत चित्रात तोच देह जड तक्क्यांमध्ये बुडालेला दिसतो. व्यक्ती एकच, प्रसंग एकच; परंतु द्रव्य बदलताच करुणेचे स्वरूप बदलते. येथे द्रव्य हे आशयाचे वाहन नाही. आशय त्यातूनच घडतो.

जहांगीरच्या आज्ञेने निजामीच्या ‘खम्सा’च्या एका हस्तलिखिताच्या अखेरीस दौलत ह्या चित्रकाराने लेखनिक अब्दुर्रहीम आणि स्वतः ह्यांना आपापल्या कामात मग्न असे रंगविले. समासात नोंदला जाणारा श्रम येथे चित्राचा विषय झाला आहे. मोगल व्यक्तिचित्रांच्या समीक्षेनेही आपली दृष्टी समासापर्यंत नेली पाहिजे. एरवी ती बादशहाचा चेहरा पाहील, पण तो घडविणाऱ्यांना ओळखणार नाही.