पडलेलं म्हणजे स्वस्त झालेलं का? एका गाजलेल्या पेपरचं वाचन

२०२५ च्या मार्चमध्ये मेहकरहून मामांचा फोन आला. "बाई, बाजार लय पडला म्हंतात. आता इतका पडला, अजून किती पडन? हाच टाईम हाये घ्याचा." सोबत एक मेसेज पाठवला होता, त्यांना कुणा ओळखीच्या एजंटनं पाठवलेला. त्यात लिहिलं होतं की नोबेलविजेत्या थेलर यांच्या संशोधनानुसार सगळ्यात जास्त पडलेले शेअर पुढच्या तीन वर्षांत बाजाराला मागे टाकतात. आणि खाली एका विशिष्ट क्षेत्राच्या म्युच्युअल फंडाचं नाव, जो वर्षभरात चांगलाच आपटला होता.

मामांकडे ३ लाख २० हजार रुपये होते. ते कुठून आले हे महत्त्वाचं आहे, त्यावर पुढे येते. माझा विषय संख्याशास्त्र, गुंतवणूक नाही. पण मेसेजमध्ये ज्या पेपरचा आधार दिला होता तो मला वाचता येतो. म्हणून आज त्या पेपरबद्दल: तो नेमकं काय सांगतो, काय सांगत नाही, आणि मामांच्या प्रश्नाला तो किती लागू पडतो.

पेपर काय आहे

वर्नर डी बाँट आणि रिचर्ड थेलर यांचा हा पेपर १९८५ मध्ये 'जर्नल ऑफ फायनान्स'मध्ये आला. थेलर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बऱ्याच नंतर, २०१७ मध्ये. पेपरचा प्रश्न साधा होता: वाईट बातमी आली की लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात का? घाबरत असतील, तर खूप पडलेले शेअर नंतर सावरायला हवेत.

त्यांनी न्यूयॉर्क शेअर बाजाराची १९२६ ते १९८२ ची मासिक आकडेवारी घेतली. तीन वर्षांत सगळ्यात जास्त पडलेले ३५ शेअर एका टोपलीत आणि सगळ्यात जास्त वाढलेले ३५ दुसऱ्या टोपलीत. मग पुढच्या तीन वर्षांत काय झालं ते बघितलं. असे तीन-तीन वर्षांचे १६ कालखंड, एकमेकांवर न चढणारे. सरासरी निकाल असा: पडलेल्यांची टोपली बाजारापेक्षा १९.६ टक्के पुढे, चढलेल्यांची ५ टक्के मागे.

प्रश्न स्पष्ट, पद्धत कुणालाही पुन्हा करून बघता येईल अशी आणि निकाल अनपेक्षित. चांगल्या पेपरमध्ये जे हवं ते यात आहे, आणि चाळीस वर्षांनी वाचतानाही मजा येते. माझी तक्रार पेपरवर कमी आणि त्याचा जो सारांश फिरतो त्यावर जास्त आहे. पण पेपरच्या आतही काही जागा आहेत जिथे थांबायला हवं.

सरासरी कुणाची?

पहिली जागा म्हणजे "टोपली". १९.६ टक्के हा ३५ शेअरांचा, १६ कालखंडांचा सरासरी आकडा आहे. आपण दहाच शेअरांचं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. प्रत्येकात १० हजार, म्हणजे एकूण १ लाख. सहा शेअर निम्मे झाले, तीन जिथल्या तिथे राहिले, आणि एक सातपट झाला. हिशोब करा: ३० हजार अधिक ३० हजार अधिक ७० हजार, एकूण १ लाख ३० हजार. टोपली ३० टक्के वर गेली, पण दहापैकी फक्त एका शेअरनं पैसे दिले. ज्यानं एकच शेअर निवडला त्याची बुडण्याची शक्यता दहात सहा.

दुसरी जागा पद्धतीच्या तपशिलात आहे. टोपली बनवल्यानंतर एखाद्या शेअरचा आकडा मिळेनासा झाला, तर तो शेअर तिथून पुढे सरासरीतून वगळायचा, असा नियम लेखकांनी ठेवला होता. त्यांनी तो लपवला नाही, उघड सांगितला आहे. संशोधकाला हे करावं लागतं. पण आपल्या खिशातून शेअर असा वगळता येत नाही. डीएचएफएलचा शेअर ज्यांच्याकडे होता त्यांना २०२१ मध्ये काहीच मिळालं नाही. कंपनी दुसऱ्याकडे गेली, जुन्या शेअरांची किंमत शून्य धरली गेली आणि शेअर बाजारातून काढून टाकला गेला.

तिसरी जागा जानेवारी. पडलेल्या टोपलीच्या नफ्याचा मोठा भाग जानेवारी महिन्यांत आला होता. लेखकांनाही हे खटकलं होतं. लोक घाबरून विकतात आणि मग भानावर येतात एवढंच कारण असेल, तर ते नेमकं जानेवारीतच का व्हावं?

नंतर आलेली टीका

१९८८ मध्ये के. सी. चॅन यांनी म्हटलं की पडलेला शेअर हा पडण्याआधीच्या शेअरइतकाच धोक्याचा राहत नाही. शेअरची किंमत उतरते पण कंपनीचं कर्ज तेवढंच असतं. म्हणजे मालकाचा हिस्सा लहान आणि कर्जाचा बोजा त्यामानाने मोठा. आता थोडंसं वाईट झालं तरी मालक पुसला जातो, थोडंसं चांगलं झालं तर हिस्सा दुप्पट. जास्तीचा परतावा हा त्या वाढलेल्या धोक्याचा मोबदला असू शकतो. १९९० मध्ये पॉल झॅरोविन यांनी दाखवलं की पडलेल्या टोपलीत लहान कंपन्या जास्त होत्या, आणि आकार सारखा ठेवून तुलना केली तर बराचसा फरक विरतो. १९९३ मध्ये जेनिफर कॉनरॅड आणि गौतम कौल यांनी अगदी कमी किमतीच्या शेअरांमध्ये हिशोबच कसा फुगतो ते मांडलं.

त्याच वर्षी नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांचा पेपर आला. त्यांनी तीन महिने ते एक वर्ष एवढा छोटा काळ घेतला आणि निकाल उलटा आला: नुकतेच चढलेले चढत राहतात, नुकतेच पडलेले पडत राहतात. म्हणजे "पडलंय, घे" हे वाक्य तीन वर्षांच्या पडझडीला कदाचित लागू असेल, पण सहा महिन्यांच्या पडझडीला उलट पडू शकतं. मामांच्या मेसेजमधल्या फंडाची पडझड महिन्यांत मोजायची होती.

एकच शब्द, तीन वेगळ्या गोष्टी

माझ्या मते खरी गडबड "पडलेलं" या शब्दात आहे. आपण तो बाजार, शेअर आणि फंड या तिन्हींना सारखाच लावतो.

बाजार पडतो तेव्हा शेकडो कंपन्यांची टोपली पडते. तिच्यातले कमजोर बाहेर जातात, नवे आत येतात. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या आसपास होता, मार्च २००९ मध्ये ८,१६० पर्यंत आला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा २१ हजारांवर गेला. निफ्टी जानेवारी २०२० मध्ये १२,३६२ वरून २३ मार्चला ७,६१० वर आला आणि त्याच नोव्हेंबरात भरून निघाला. पण यावरून नियम काढू नका. जपानचा निक्केई डिसेंबर १९८९ च्या शिखरावर परत पोचला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षं.

शेअर पडतो तेव्हा सावरण्याची कसलीच हमी नसते. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता. सप्टेंबरअखेर २०० च्या खाली आला, तेव्हा "अर्ध्या किमतीत मिळतोय" म्हणून घेणारे होते. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले, आणि जुलै २०२० मध्ये बँकेनं नवे शेअर विकले ते १२ रुपयांना. जो शेअर ९० टक्के पडला, तो आधी ८० टक्के पडला होता आणि तिथून पुन्हा निम्मा झाला. "अजून किती पडन?" या प्रश्नाचं गणिती उत्तर नेहमी एकच असतं: अजून शंभर टक्के.

फंडाचं तिसरंच. फंडाची एनएव्ही १०० वरून ६० झाली म्हणजे तो स्वस्त झाला असं होत नाही. आतले शेअर त्यांच्या कमाईच्या मानाने स्वस्त आहेत का, हे एनएव्हीवरून कळत नाही. मार्क कारहार्ट यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या १९६२ ते १९९३ पर्यंतच्या फंडांचा अभ्यास छापला. चांगले फंड चांगलेच राहतात याचा पुरावा फारसा नव्हता. उलट, तळातले फंड तळातच राहण्याची प्रवृत्ती मात्र ठळक होती आणि त्यात खर्चाचा वाटा होता. म्हणजे डी बाँट-थेलर यांचा शेअरांवरचा निकाल उचलून फंडावर चिकटवणं हे पेपरच्या बाहेर जाणं आहे. त्या एजंटनं नेमकं तेच केलं होतं.

फंडात आणखी एक धोका असतो: वेळेचा. फ्रँकलिन टेम्पलटननं २३ एप्रिल २०२० ला सहा रोखे फंड बंद केले, सुमारे २५ हजार कोटी रुपयांचे. पुढे गुंतवणूकदारांना त्या दिवसाच्या मूल्यापेक्षा जास्त रक्कम परत मिळाली. पण ती तुकड्यातुकड्यांनी, वर्षं लागून. ज्याला २०२० च्या जूनमध्ये फी भरायची होती त्याला "मूल्य शाबूत आहे" याचा काय उपयोग?

आणि सोयाबीन

आता ३ लाख २० हजारांची गोष्ट. ते ८० क्विंटल सोयाबीनचे पैसे होते, २०२२ च्या खरिपाचे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या काही बाजारांत सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. तो आकडा आमच्याकडे सगळ्यांच्या डोक्यात बसला. म्हणून २०२२ च्या दिवाळीनंतर ५,२०० मिळत होते तेव्हा मामा म्हणाले, इतकं पडलं, आता वाढणारच. पोती घरात राहिली. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार त्याच्याही खाली. शेवटी मामांनी ४,००० नं विकलं. क्विंटलमागे १,२०० प्रमाणे ९६ हजार गेले. ४ लाख १६ हजारांवर अडीच वर्षांचं सात टक्क्यांनी साधं व्याज धरलं तर आणखी सुमारे ७३ हजार. वजनातली घट वेगळी.

इथे चूक हिमतीची नव्हती. दहा हजार ही सोयाबीनची "खरी" किंमत होती असं धरलं, ती चूक होती. तो भाव टंचाईचा होता. सरकारनं त्याच वर्षी १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, खाद्यतेलावरचं आयातशुल्क कमी केलं, आणि भाव उतरला. पडण्याचं कारण घबराट होतं की पायाच बदलला होता, हा प्रश्न विचारल्याशिवाय "किती पडलं" या आकड्याला अर्थ नाही. डी बाँट आणि थेलर घबराटीबद्दल बोलतात. पायाबद्दल त्यांचा पेपर काही सांगत नाही.

मी मामांना विचारलं, "हे पैसे कधी लागणार?" म्हणाले, "पोरीची ॲडमिशन हाये ना, दोन वर्षांनं." मी म्हटलं, मग या पैशासाठी हा पेपर नाहीच. टोपलीची सरासरी तीन वर्षांत चांगली आली तरी तुमचं दुसरं वर्ष नेमकं वाईट असू शकतं.

"मंग बँकेत ठेवू? मलकापूरचं काय झालं मालूम हाये ना?" हा प्रश्न रास्त होता. मलकापूर अर्बन बँकेवर नोव्हेंबर २०२१ मध्ये पैसे काढण्याची मर्यादा आली, दहा हजारांची, आणि जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परवानाच रद्द केला. ठेवीतही धोका असतो. फरक इतकाच की तिथे पाच लाखांपर्यंत विमा आहे आणि धोक्याची मर्यादा आधी कळते. पडलेल्या फंडाला असा विमा नाही.

शेवटी मामांनी तीन लाख पोस्टात दोन वर्षांच्या मुदतीनं टाकले. उरलेले २० हजार निर्देशांक फंडात, महिन्याला दोन हजारप्रमाणे. हे त्यांच्या गरजेचं उत्तर आहे, सगळ्यांचं नाही. ज्याला दहा वर्षं पैसे लागणार नाहीत त्यानं पडलेल्या बाजारात जास्त टाकणं चुकीचं म्हणणार नाही मी.

फोन ठेवताना मामा म्हणाले, "त्या एजंटले काय सांगू?" मी म्हटलं, विचारा त्यांना, तो पेपर शेअरांचा आहे की फंडाचा. अजून उत्तर आलेलं नाही.